बिनकडीचं घर

बुधवारी रात्री फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, पडेल असं रेडिओवरच्या बाईनं सांगितलं, तेव्हा एव्हलिनच्या शेतात निम्म्याहून जास्त मिरची उभी होती. लांबट, तांबडी, जाड सालीची. ही मिरची तिखट नसते. मॅसिडोनियाची माणसं ती भाजतात, सोलतात, शिजवून बरण्या भरतात आणि हिवाळाभर पावाला लावून खातात. दोन हजार आठ सालच्या त्या ऑक्टोबरातही टोरांटोहून त्यांच्या गाड्या येत होत्या आणि पोती भरून नेत होत्या. पण फ्रॉस्टनं शिवलेली मिरची कोणी हातात धरत नाही. सकाळी ती काचेसारखी दिसते, आणि ऊन चढलं की पाणी होऊन देठाला लोंबते.

एव्हलिन रविवारी उजाडताच वाफ्यात शिरली. सासऱ्याला तिनं शेजारच्या ओळीत घातलं होतं. पंच्याऐंशीचा म्हातारा, पण हात तरबेज. देठ मुरगळून मिरची बादलीत टाकी, बघायचीसुद्धा गरज नसे. अर्धी ओळ झाल्यावर तिनं कंबर सरळ केली आणि पाहिलं, तर बादली जागेवर आणि म्हातारा गायब.

"ताते!" तिनं त्याच्या भाषेत बाबा म्हणून हाक मारली. "ताते हो!"

मक्याच्या वाळल्या धाटांतून वारा तेवढा आला.

तासाभरानं शेजारचा एलाम आपल्या घोडागाडीतून त्याला घेऊन आला. कॅनडातल्या केंब्रिजच्या उत्तरेला पाऊण तासावरचा हा मुलूख, इथे एलामसारखे मेनोनाइट पंथाचे शेतकरी पुष्कळ. वीज नाही, मोटार नाही, बोलणंही मोजकं. त्याच्या शेजारी म्हातारा त्रायको ताठ बसला होता. अंगात स्वेटर, कमरेखाली घोड्यावरचं घोंगडं, आणि घोंगड्याखाली काही नाही. पायांतून रक्त येत होतं.

"गोठ्यावरच्या गवतात लपला होता," एलाम तिच्याकडे न बघता म्हणाला. "आम्ही सगळे रविवारच्या प्रार्थनेला निघालो होतो. मुलींनी पाहिलं."

"चुकलं. माफ करा."

"मी रागावलो नाही. पण दाराला कडी घालता येते ना?"

एव्हलिननं मान खाली घातली. आजवर सगळ्यांनी तिला तेच सांगितलं होतं. सरकारकडून येणारी नर्स म्हणाली, कुलूप लावा, नाहीतर आमच्या केंद्रात द्या, तिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडतच नाही. नॉर्थ यॉर्कला कॉन्डोत राहणारी लेक मिका फोनवर म्हणायची, "मॉम, जस्ट लॉक द डोअर. हाउ हार्ड इज दॅट?"

अवघड होतं ते एवढ्याचसाठी की त्या घराला कडीच नव्हती. घर घेतलं त्या दिवशी त्रायकोनं घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक बोल्ट, न्हाणीघराचीसुद्धा, उपसून काढली होती आणि भोकं पुट्टीनं बुजवली होती. एव्हलिन लग्न होऊन आली तेव्हा आंघोळीला बसताना दाराला बादली लावायची. तिनं नवऱ्याला, मेतोला, विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताते तुरुंगात होता. बंद दार त्याला सोसत नाही." मेतो दोन वर्षांमागं हृदयविकारानं गेला. जाताना तिचा हात धरून त्यानं दोनच गोष्टी मागितल्या. म्हाताऱ्याला शेवटपर्यंत घरातच राहू दे. आणि दाराला कडी लावू नकोस. ती हो म्हणाली होती.

तिनं म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून पाय कोमट पाण्यात घातले.

"कुठं गेला होता?"

"पहाऱ्यावर," तो म्हणाला. सव्वीस वर्षं एका चुलीवर जेवून दोघांची एक बोली झाली होती. थोडी त्याची, थोडी इंग्रजी, आणि शिव्या मात्र मराठी. "खाली रस्त्यावर त्यांच्या लॉऱ्या आहेत. तू दिवा विझव."

"पँट कुठं टाकली?"

"नदी होती," तो म्हणाला. "ओली झाली असती."

सोमवारी तिचा धाकटा भाऊ आयझॅक आला. तो टोरांटोला टॅक्सी चालवायचा. अलिबागच्या खालच्या अंगाला रेवदंड्याजवळ त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, भाऊबहीण कुठल्या कुठं येऊन पडले होते, पण एकमेकांशी बोलताना रेवदंडा सुटला नव्हता.

"बाय, मी मिरच्या तोडायला आलोय की म्हातारा राखायला?"

"दोन्ही."

"मग पगार डबल."

"भाकरी एकच मिळेल. बूट बदल आधी, टॅक्सीतले बूट घालून वाफ्यात येतोस!"

दुपारी तिघं बांधावर बसले. पावाचे तुकडे नेहमी त्रायकोच करायचा. तुकडे करून झाले की एकानं पाठ फिरवायची, दुसऱ्यानं तुकड्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कुणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. म्हणजे कोणी कुणाला मोठा तुकडा दिला असं होत नाही. लढाईच्या काळात डोंगरावर त्यांची तुकडी असंच वाटून खायची.

म्हाताऱ्यानं आयझॅकला खांदे धरून फिरवलं. "हा कुणाचा?"

"एव्हलिनचा."

"हा?"

"माझा." आयझॅकनं वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "घ्या! स्वतःच्या तोंडानं स्वतःला बारका तुकडा. असला कम्युनिझम असतो होय, ताते?"

त्रायको हसला. पुढचे चार दात नव्हते. ते म्हातारपणानं पडले नव्हते.

तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा, दुसऱ्या महायुद्धात, डोंगरावर गेला. मॅसिडोनियात बितोला शहराच्या वर पेलिस्तरचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याला त्याचं गाव. मेंढरं राखायची आणि हंगामाला तंबाखूची पानं ओवायची, एवढंच त्याला येत होतं. जर्मनांच्या बाजूनं बल्गेरियाची फौज येऊन बसली होती. शाळेत भाषा त्यांची, चौकीवर माणूस त्यांचा, धान्य न्यायला गाड्या त्यांच्या. तुकडीत गेला तेव्हा पाच जणांत एक बंदूक होती. पायात डुकराच्या कच्च्या कातड्याच्या वहाणा. बर्फात त्या भिजून फुगत आणि शेकोटीजवळ वाळून पायाला चावत. झोपताना एकाचे पाय दुसऱ्याच्या काखेत, म्हणजे बोटं तरी शाबूत राहत. उवा एवढ्या की सदरा शेकोटीवर झटकला की तडतड आवाज यायचा. मक्याचं पीठ होतं, मीठ नव्हतं. महिनोन्‌महिने मीठ नसलं की माणसाचं अंग ढिलं पडतं, जखम भरत नाही. मार्चमध्ये एका पहाटे त्यांनी डोंगरावरून खाली पाहिलं, तर शहरातल्या यहुद्यांच्या गल्लीतून माणसांची रांग स्टेशनाकडं चालली होती. पोरं, म्हाताऱ्या, गाठोडी. तुकडीत त्या गल्लीतला एक शिंप्याचा मुलगा होता. त्याचं तोंड त्रायकोनं हातानं दाबून धरलं, कारण ओरडला असता तर सगळे मेले असते. त्या रांगेतलं कोणी परत आलं नाही. मुलगा पुढं उन्हाळ्यात पुलावर मारला गेला. आणि पानगळीत त्रायको मीठ आणायला एका घरी उतरला आणि पकडला गेला.

एवढं तो सांगायचा. तुरुंगाचं सांगायचा नाही. कॅनडात येताना त्यानं कम्युनिस्ट पार्टीचंही नाव काढलं नाही, काढलं असतं तर आत घेतलं नसतं. पण मेतोनं एव्हलिनला घरी आणलं आणि ती यहुदी आहे असं सांगितलं, तेव्हा म्हातारा जेवता जेवता उठला, हात पुसले, आणि तिच्यापुढं टोपी काढून उभा राहिला. दुसरा कुठला सासरा सुनेपुढं असा उभा राहिला असेल असं तिला वाटत नाही.

मंगळवारी तो दोनदा पळाला. पहिल्यांदा आयझॅक धावला, दुसऱ्यांदा ती. दोघं त्याच्यामागं धावत असताना मिरची झाडावरच. दुपारनंतर एव्हलिननं पोत्यांची दोरी घेतली, एक टोक आपल्या कमरेला बांधलं आणि दुसरं त्याच्या.

"बाय," आयझॅक म्हणाला, "बैल आहे का तो?"

"तू गप. तोड."

म्हाताऱ्यानं काही कुरकुर केली नाही. ती पुढं सरकली की तो सरकायचा. हात चालत होते. दोन ओळी झपाट्यानं झाल्या. तेवढ्यात रस्त्याला गाडी थांबली. टोरांटोचं नेहमीचं गिऱ्हाईक, त्रायकोच्या मुलखातलाच एक वयस्क माणूस, दर वर्षी सहा पोती नेणारा. तो बांधापर्यंत आला, त्रायकोला बघून टोपी काढली आणि त्यांच्या भाषेत म्हणाला, "नमस्कार, कॉम्रेड." मग त्याला दोरी दिसली. दोरीवरून त्याची नजर एव्हलिनच्या कमरेपर्यंत आली. त्यानं टोपी परत डोक्यावर ठेवली आणि काही न घेता गाडीत जाऊन बसला.

एव्हलिननं गाठ सोडायला घेतली. बोटं मिरचीच्या चिकानं चिकट झाली होती, गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

बुधवारी संध्याकाळपासून यहुद्यांचा मोठा उपास लागत होता. वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. शहरातली माणसं सिनेगॉगमध्ये, प्रार्थनाघरात, जातात. पण त्यांच्या लहानपणी गावात सिनेगॉग नव्हतं, तेव्हा आजी जुन्या पद्धतीनं करायची. दारफाळणीचा सण म्हणायची ती. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, आंघोळ करायची, पांढरी वस्त्रं नेसायची आणि दार लावून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत दार उघडायचं नाही, परक्याला शिवायचं नाही, बाहेर डोकावायचं नाही. गावातल्या बाया म्हणत, आज तेल्यांच्या घरी कोणी नाही, ते देवाकडं गेलेत.

चार वाजेपर्यंत दोघांनी मिरची तोडली. आभाळ निळं कोरडं झालं होतं, वारा पडला होता. फ्रॉस्टला असंच आभाळ लागतं. खालच्या अंगाच्या सहा ओळी तशाच सोडाव्या लागल्या. एव्हलिनची कंबर इतकी धरली होती की पायऱ्या चढताना तिला कठडा धरावा लागला. तिनं म्हाताऱ्याला आंघोळ घातली, भात आणि मासा खाऊ घातला, स्वतः दोन घास खाल्ले. पांढरी साडी नेसून खाली आली, तर आयझॅक दाराशी गुडघ्यावर बसलेला, हातात स्क्रूड्रायव्हर. दारावर नवी पितळी कडी बसवून झाली होती.

"हे काय?"

"रागावू नकोस. आजी काय करायची ते आठव."

"आजी दार लोटायची. कडीचं मला आठवत नाही."

"रेवदंड्यात चोर नव्हते, म्हातारे पळत नव्हते." तो उठला, गुडघे झटकले. "बाय, ऐक. सिनेगॉगला नेतो म्हटलं तर याला कोण बघणार? उद्या तू उपाशी, मी उपाशी, बाहेर बर्फासारखं गार. हा पळाला तर धावणार कोण? सकाळी ओढ्यात सापडेल. मग मेतोला काय सांगशील, दार उघडं होतं म्हणून?"

तिनं खाली पडलेला लाकडाचा भुसा पायानं बाजूला सारला.

"त्याच्यासाठी नाही लावत आपण," आयझॅक म्हणाला. "देवासाठी लावतोय. सणाचं दार आहे. पोलिसाचं नाही."

खरं काय ते एव्हलिनला कळत होतं. पण तीन दिवस तिची पाठ जमिनीला लागली नव्हती. एक रात्र कान उघडे न ठेवता झोपायचं, एक दिवस आजीसारखं बसून प्रार्थना करायची, एवढंच तिला हवं होतं. आणि सणानं ते तिच्या हातात आणून ठेवलं होतं. आयझॅकनं हात पुढं केला तेव्हा ती म्हणाली, "थांब. माझं घर आहे." कडी तिनंच सरकवली. नवी होती, आवाज न करता बसली.

त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली.

सकाळी जिना वाजला तेव्हा दोघं पांढऱ्या कपड्यांत समोरच्या खोलीत बसले होते. आयझॅक पुस्तकातून प्रार्थना वाचत होता. त्रायको रोजच्यासारखा खाली आला, कोट घातला, बूट चढवले, दाराची मूठ फिरवून ओढली. दार हललं नाही. त्यानं दुसऱ्यांदा ओढलं नाही. कडीकडे पाहिलं, पितळेवरून बोट फिरवलं, मग सावकाश वळून त्या दोघांकडे पाहिलं.

एव्हलिनला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या ओढून काढल्या. कमरेचा पट्टा काढला. दोन्ही गुंडाळून दारासमोर जमिनीवर नीट ठेवलं, जसं कोणी ताब्यात घ्यायला उभं आहे. मग भिंतीशी जाऊन, पँट एका हातानं धरून, गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"बघ," आयझॅक हळूच म्हणाला. "किती शांत बसला. एवढंच पाहिजे होतं."

एव्हलिन त्या नाड्यांकडे बघत होती. ती उठली.

"कुठं?"

"उघडते."

"बाय, सूर्य मावळू दे. वर्षाचं एक दार आहे. तो काही बोलतोय का? तो नाही म्हणतोय का?"

ती उभी राहिली. मग बसली.

खिडकीतून शेत दिसत होतं. पहाटे सगळं पांढरं होतं. नऊ वाजता ऊन लागलं आणि सोडलेल्या सहा ओळी काळ्या पडत गेल्या, पानं खाली वळली, मिरच्या एकेक करून फुटल्या. एव्हलिनचे ओठ वाळले. तिनं चार वेळा म्हाताऱ्यापुढं पाणी ठेवलं, पाव ठेवला. त्याला उपास नव्हता. त्यानं कशाला हात लावला नाही. मिकाचा फोन वाजून वाजून बंद झाला. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं, त्याच्या गुडघ्यांवरून गेलं, आणि तो हलला नाही.

तीन तारे दिसले, उपास सुटला, असं आयझॅकनं सांगितलं तेव्हा ती पाणी न पिता आधी दाराकडे गेली. कडी काढली. दार सताड उघडलं. गार वारा आत आला, त्यात कुजक्या मिरचीचा वास होता.

"ताते, चला. अंगणात चला."

त्रायको उठला. दाराकडे नाही, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकात एक धरले. धरायला हात उरला नाही म्हणून पँट पायांत घसरली. ती उचलायला तो वाकला नाही.

एव्हलिननं धावत जाऊन पँट वर ओढली. "ताते, मी आहे. बघा ना."

"ताते," आयझॅक पुढं आला. आता त्याचाही आवाज खाली आला होता. "ताते, इकडं बघा. ही कोण? ओळखता ना हिला?"

म्हातारा सावकाश वळला. एव्हलिनच्या तोंडाकडे त्यानं पुष्कळ वेळ पाहिलं. डोळे स्वच्छ होते.

"नाही," तो म्हणाला. "ही बाई मी कधी पाहिली नाही."

"विसरला गं," आयझॅक म्हणाला. "आजारच तसला आहे. मनाला लावून घेऊ नकोस."

एव्हलिन खाली बसली. मेतोनं तिला एकदाच, मिका पोटात होती तेव्हा, सांगितलेलं होतं. तुरुंगात त्रायकोच्या आईला धरून आणलं आणि त्याच्यासमोर उभं केलं. हा तुझा मुलगा का? आई म्हणाली, माझं पोर मेंढरांमागं गेलंय, हा कोण ठाऊक नाही. मग त्याला विचारलं. तो म्हणाला, ही बाई मी कधी पाहिली नाही. आईला सोडून दिलं. तो सुटून आला तोवर ती गेलेली होती. मायलेकरांचं शेवटचं बोलणं ते.

तो तिला विसरला होता, की तिला वाचवत होता, हे विचारायचं कुणाला? आयझॅकला तिनं काही सांगितलं नाही.

त्यानंतर म्हातारा पळाला नाही. शुक्रवारी एव्हलिननं ती कडी पटाशीनं उपसून काढली, दार दगड लावून उघडं ठेवलं. घरात स्वेटर घालून वावरावं लागत होतं. तो भिंतीशी बसून राही. दाराबाहेर पाऊल टाकीना. नर्स आली आणि म्हणाली, "व्हेरी गुड, ही इज मच काल्मर." एलाम रस्त्यावरून जाताना हात करून गेला.

तोडलेली मिरची सडायच्या आत भाजून काढायची होती. शनिवारी शनवार तेल्यांनी काम करू नये, पण मिरचीला वार कळत नाही. अंगणात भट्टी पेटवून आयझॅक भाजत होता आणि आत एव्हलिन सोलत होती. साल गरम असतानाच निघते. बोटांची टोकं पोळून पांढरी झाली होती. मिरच्या पातेल्यात पडत होत्या.

त्रायको भिंतीशी उभा राहिला. तिच्याकडे बघत, हात मागं.

"काय हवं, ताते?"

तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. मग तिला कळलं. सकाळी तो असाच उभा राहिला होता आणि तिला कळेपर्यंत जमीन ओली झाली होती. तिनं पुसलं होतं, त्याला धुतलं होतं, आणि तो त्या वेळीही तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होता.

"वॉशरूमला जायचंय ना? जा की. तुमचंच घर आहे. तुमच्या घरात तुम्हाला कुणाला विचारायचंय?"

तो हलला नाही.

"ताते, जा ना हो. पाया पडते."

पँटवर एक डाग उमटला आणि त्यानं मांड्या आवळल्या. तोंड वेडंवाकडं झालं, पण पाऊल उचललं नाही. हुकूम सुटल्याशिवाय तो जाणार नव्हता.

एव्हलिननं हात पातेल्याबाहेर काढले. उभी राहिली. जो आवाज तिनं कधी लेकीवर काढला नव्हता, कुत्र्यावर काढला नव्हता, तो घशातून ओढून काढला.

"जा!"

म्हातारा लगेच निघाला. हात पाठीमागं, मान खाली, भिंतीच्या कडेकडेनं. आयझॅक अंगणातून धावत दारात आला. "काय झालं? कुणावर ओरडलीस?"

"कुणावर नाही. मिरच्या जळतील, जा तू."

ती परत बसली, पण सोलेना. कान वॉशरूमकडं लावून बसली. पाणी सोडल्याचा आवाज आला. मग त्याची पावलं आली आणि दाराच्या चौकटीत येऊन थांबली. तो आत येत नव्हता.

तिनं वर पाहिलं नाही.

"बस," ती म्हणाली.